लिटलटन सोडण्याआधी

गोंदिया जिल्ह्यातल्या दवनीवाड्याहून सरळ रेषेत मोजले तर सर्वांत जवळचा समुद्र बंगालच्या उपसागराचा, आणि तोही साधारण ५०० किलोमीटरवर. आता याच्या उलट टोकाची जागा पाहू. दक्षिण प्रशांत महासागरात ४८ अंश ५२ मिनिटे दक्षिण अक्षांशावर एक बिंदू आहे, पॉइंट निमो. तिथून सर्वांत जवळची जमीन २,६८८ किलोमीटरवर आहे, म्हणजे दवनीवाड्यापासून समुद्र जितका दूर त्याच्या पाचपटींहून अधिक. १९९२ साली ह्र्वोये लुकातेला या सर्वेक्षण अभियंत्याने संगणकावर आकडेमोड करून ही जागा निश्चित केली. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक डोक्यावरून जाते तेव्हा त्यातले अंतराळवीर सुमारे ४०० किलोमीटरवर असतात. त्या घटकेला बिंदूवर असलेल्या माणसाचे तेच सर्वांत जवळचे शेजारी.

या भागातून भारतीय नौदलाच्या शिडाच्या बोटी गेल्या आहेत. त्या गोव्यात बांधलेल्या. त्यांनी जमीन सोडली ती न्यूझीलंडच्या लिटलटन बंदरात, आणि पुढची जमीन त्यांनी गाठली ती दक्षिण अटलांटिकमधल्या फॉकलंड बेटांवर, पोर्ट स्टॅन्लीला. मधले अंतर सुमारे ५,६०० सागरी मैल, म्हणजे १०,००० किलोमीटरहून जास्त. जगप्रदक्षिणेतला हा सर्वांत लांब आणि सर्वांत कठीण टप्पा. हे प्रकरण मुख्यतः तो टप्पा सुरू होण्याआधीच्या दिवसांविषयी आहे, कारण या प्रवासातले बहुतेक निर्णय धक्क्यावरच होऊन गेलेले असतात.

कल्पना फलटणची, बोट दिवाडीची

एकट्या भारतीयाने शिडाच्या बोटीतून पृथ्वीप्रदक्षिणा करावी, हा ध्यास व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी यांचा. १९७१च्या युद्धात ‘आयएनएस कामोर्टा’चे नेतृत्व करून वीरचक्र मिळवलेले हे अधिकारी निवृत्तीनंतर सातारा जिल्ह्यात फलटणजवळच्या विंचुर्णीत राहत. समुद्र डोंगरापलीकडे आणि पाऊस बेताचा अशा या गावातून त्यांनी ही कल्पना वर्षानुवर्षे नौदलापुढे मांडली.

ती अंगावर घेतली कमांडर दिलीप दोंदे यांनी. दोंदे हे नौदलातले पाणबुडे अधिकारी. तयारी म्हणून २००६ साली ते स्पेनमधल्या बिल्बाओत सर रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांच्या हाताखाली काम करायला गेले. नॉक्स-जॉन्स्टन एकट्याने प्रदक्षिणेच्या शर्यतीला निघत होते आणि दोंदे त्यांच्या बोटीच्या तयारीला हातभार लावत होते. नॉक्स-जॉन्स्टन म्हणजे एकट्याने, कुठेही न थांबता जगाला पहिली फेरी मारणारा माणूस. १९६८-६९मध्ये ज्या ३२ फुटी ‘सुहेली’तून त्यांनी ती मारली, ती मुंबईत सागवानात बांधलेली होती.

दोंद्यांची बोट गोव्यात मांडवी नदीतल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधली गेली. आराखडा हॉलंडचा, लांबी ५६ फूट, लाकडाच्या पट्ट्यांवर फायबरग्लासचे थर, वजन २३ टनांच्या घरात. प्रशांत महासागरातल्या एका द्वीपराष्ट्रावरून त्या आराखड्याला ‘टोंगा ५६’ म्हणतात. २००९च्या फेब्रुवारीत ही बोट ‘म्हादेई’ या नावाने नौदलात आली. १९ ऑगस्ट २००९ रोजी दोंदे मुंबईहून निघाले आणि फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅन्ली आणि केप टाउन असे चार मुक्काम करत १९ मे २०१० रोजी मुंबईला परतले. एकट्याने शिडाच्या बोटीतून पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय.

तारीख उलटी मोजायची

ऑगस्टमध्ये मुंबईहून निघणे म्हणजे भर पावसाळ्यात समुद्रात उतरणे. कोकणातला नाखवा पावसाळ्याचे बरेच दिवस होडी किनाऱ्यावर ओढून ठेवतो. तरीही दोंद्यांनी ही तारीख धरली, कारण हिशेब मुंबईपासून मांडलेला नव्हता. तो केप हॉर्नपासून मागे मोजत आणलेला होता.

केप हॉर्न हे दक्षिण अमेरिकेचे टोक, चिलीच्या एका लहान बेटावर, ५६ अंश दक्षिणेला. तिथला उन्हाळा डिसेंबर ते फेब्रुवारी. त्या तीन महिन्यांतही वादळे येतात, पण दिवस मोठा असतो आणि थंडी सोसवेल इतकी असते. हिवाळ्यात मात्र सोळा-सतरा तासांची रात्र, दोरांवर बर्फ आणि लागोपाठ वादळे. म्हणून हॉर्न डिसेंबर ते फेब्रुवारीत ओलांडायचे, हे आधी ठरते. त्यासाठी लिटलटन नोव्हेंबर ते जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत सोडायला हवे, त्याआधी ऑस्ट्रेलिया, आणि त्याआधी ऑगस्ट ते ऑक्टोबरच्या दरम्यान भारत.

लिटलटनमार्गे गेलेल्या पुढच्या दोन्ही मोहिमांनी हेच गणित पाळले. लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली प्रतिभा जामवाल, स्वाती पी., ऐश्वर्या बोड्डापती, विजया देवी आणि पायल गुप्ता या सहाजणी ‘तारिणी’ या बोटीतून १० सप्टेंबर २०१७ रोजी गोव्याहून निघाल्या, आणि १२ डिसेंबरला त्यांनी लिटलटन सोडले. २०२४ साली दिलना के. आणि रूपा ए. या दोघीच ‘तारिणी’ घेऊन २ ऑक्टोबरला गोव्याहून निघाल्या. त्यांनी लिटलटन ४ जानेवारी २०२५ रोजी सोडले आणि हॉर्न १५ फेब्रुवारीला ओलांडले. बंदरात आणखी दोन-तीन आठवडे अडकणे त्यांना परवडले नसते.

वारा पाठीशी, म्हणजे परतीला तोंडावर

या मार्गाला बोटी जातात त्या वाऱ्यासाठी. दक्षिणेकडे ४० अंशांच्या पुढे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा जोरकस वारा वर्षभर असतो. खलाशांनी त्या अक्षांशांना ‘गर्जणारे चाळीस’ आणि पुढच्यांना ‘खवळलेले पन्नास’ अशी नावे दिली. उत्तर गोलार्धात असा वारा डोंगरांना आणि खंडांना अडतो. दक्षिणेत ५६ अंशांवर पृथ्वीभोवती पूर्ण चक्कर मारली तरी आडवी जमीन लागत नाही. वाऱ्याला मोकळे रान मिळते आणि लाटांना वाढायला हजारो मैल. १९१४ साली पनामा कालवा सुरू होईपर्यंत ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडची लोकर आणि गहू घेऊन युरोपला जाणारी शिडाची जहाजे याच वाऱ्यावर हॉर्नला वळसा घालत.

हा वारा पाठीशी घेतला की बोट धावते, पण त्याची किंमत निघण्याआधी नीट समजून घ्यावी लागते. लिटलटनहून चार-पाचशे मैल पुढे गेल्यावर काही मोडले आणि परतायचे ठरवले, तर तोच वारा आणि त्याच लाटा तोंडावर येतात. शिडाची बोट सरळ वाऱ्याच्या तोंडी चालत नाही. तिला एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे अशी तिरपी वळणे घेत पुढे सरकावे लागते, म्हणजे अंतर वाढते आणि मोडक्या बोटीला मारही जास्त बसतो. काही दिवसांनी तर पुढचे बंदर दूर असूनही तेच अधिक सोपे ठरते. धक्क्यावर दोर सोडणारा माणूस त्यामुळे परतीचा पर्यायही जवळजवळ सोडत असतो.

याच महासागरात माणसांनी हजारो वर्षे नेमके उलटे धोरण वापरले. पॉलिनेशियन लोकांनी जोडहोड्यांतून एकेक बेट गाठत तेराव्या शतकाच्या सुमारास न्यूझीलंडपर्यंत वस्ती केली. होकायंत्र नाही, नकाशा नाही. तारे कुठून उगवतात, मावळताना कुठे जातात आणि लाट होडीच्या कुठल्या अंगाला आदळते, यावर दिशा. उष्ण कटिबंधात वारा बहुतेक काळ पूर्वेकडून येतो आणि ही माणसे पसरली ती मुख्यतः पूर्वेकडे. वरवर पाहता वेडेपणाच. पण अनेक अभ्यासकांच्या मते त्यांच्या सुरक्षिततेचे मर्म यातच होते. वैनगंगेवर अनोळखी डोहात जाळे टाकायला निघालेला ढीवर डोंगा आधी प्रवाहाच्या वरच्या अंगाला नेतो, म्हणजे काही मिळाले नाही, हात थकले तरी नदीच घरी आणून सोडते. पॉलिनेशियन नावाड्याचाही तसाच हिशेब. वारा काही दिवस उलटा फिरला की त्याचा फायदा घेत पूर्वेला जायचे, बेट सापडले नाही तर नेहमीचा वारा मागे आणतोच.

ही विद्या दंतकथा नाही, हे १९७६ साली सिद्ध झाले. ‘होकुलेआ’ ही जुन्या पद्धतीची जोडहोडी हवाईहून ताहितीला निघाली. मायक्रोनेशियातल्या सातावल बेटाचे माउ पियाइलुग दिशा धरून होते, उपकरण एकही नव्हते. सुमारे महिनाभरात होडी पापेएतेला लागली. लिटलटनहून निघणाऱ्याजवळ उपग्रहाचे यंत्र असते, पण पॉलिनेशियन नावाड्याजवळ असलेली परतीची खात्री त्याच्याजवळ नसते. ती उणीव भरून काढण्यासाठी बंदरातले दिवस लागतात.

धक्क्यावरचे दिवस

लिटलटन हे क्राइस्टचर्च शहराचे बंदर, एका जुन्या ज्वालामुखीच्या विवरात समुद्र शिरून तयार झालेले. भोवती उंच कडा, त्यामुळे आत पाणी शांत. स्कॉटची ‘डिस्कव्हरी’ १९०१ साली आणि शॅकल्टनची ‘निमरॉड’ १९०८ साली अंटार्क्टिकाकडे निघाली ती इथूनच. दक्षिणेला जाणाऱ्यांची शेवटची तयारी करण्याचा या गावाला शतकाहून जुना सराव आहे.

कामाची सुरुवात डोलकाठीपासून होते. कोणीतरी दोराला लटकून वर टोकापर्यंत जातो आणि डोलकाठीला चहूबाजूंनी ताणून धरणाऱ्या तारांचे प्रत्येक टोक, प्रत्येक पिन हाताने चाचपून पाहतो. तारेतला एक धागा तुटलेला असला तर बोटाला टोचतो, डोळ्याला कदाचित दिसतही नाही. एक तार गेली की डोलकाठी गेली, आणि डोलकाठी गेली की बोट म्हणजे तरंगता पिंप. मग सुकाणू, त्याला चाकाशी जोडणाऱ्या तारा, शिडांच्या शिवणी, पाणी उपसायचे पंप.

एकट्या माणसाच्या बोटीवर आणखी एक यंत्र जिवाभावाचे असते. बोटीच्या पिछाडीला एक उभे पाते वाऱ्याशी जुळवून लावतात. बोट मार्गावरून भरकटली की पात्यावर वारा तिरका लागतो आणि ते कलते. कलताना ते खाली पाण्यात सोडलेले वल्हे किंचित पिळते. धावत्या पाण्याचा जोर त्या वल्ह्याला बाजूला ढकलतो, आणि वल्ह्याला बांधलेले दोर सुकाणूचे चाक फिरवून बोट पुन्हा मार्गावर आणतात. वीज लागत नाही, झोप लागत नाही. वारा वाढला की बोटीचा वेग वाढतो आणि यंत्राची ताकदही.

मग शिधा. न्यूझीलंडचे जैवसुरक्षेचे नियम कडक आहेत. बाहेरून आलेल्या बोटीतली ताजी फळे, भाज्या, मांस, मध काढून घेतला जातो. त्यामुळे ताजा माल नव्याने भरावा लागतो. लांब पल्ल्याच्या खलाशांच्या रीती ठरलेल्या आहेत. पुठ्ठ्याचे एकही खोके बोटीवर येऊ द्यायचे नाही, कारण त्याच्या घड्यांत झुरळाची अंडी असतात. माल धक्क्यावरच रिकामा करायचा. कोबी कापायचा नाही, बाहेरून एकेक पान सोलायचे, म्हणजे तो आठवडेच्या आठवडे टिकतो. टोमॅटो हिरवे घेऊन एकेक कागदात गुंडाळायचे. अंडी फ्रीजमध्ये न ठेवलेली, न धुतलेली घ्यायची आणि दोन-तीन दिवसांनी उलटी करत राहायची. कांदे-बटाटे वेगवेगळे आणि हवेशीर. शेवटच्या आठवड्यांत उरतात ते तांदूळ, डाळ, डबे आणि नुसते पाणी घातले की तयार होणारे सुके अन्न.

हे सगळे किती दिवसांचे घ्यायचे? दिलना आणि रूपा यांना हा टप्पा पार करायला दीड महिना लागला. ५,६०० मैलांना ४५ दिवस धरले तर दिवसाला सुमारे १२५ मैल, म्हणजे ताशी दहा किलोमीटरहून थोडे कमी. रमतगमत चाललेली सायकल याहून मागे पडत नाही. पण डोलकाठी मोडली, जोडतोड करून छोटे शीड उभारावे लागले, तर हा वेग निम्म्यावर येतो. म्हणून शिधा लागणाऱ्या दिवसांचा भरत नाहीत, मोडलेल्या बोटीला लागतील तितक्या दिवसांचा भरतात. पाण्यासाठी समुद्राचे पाणी गोडे करणारे यंत्र असते, तरी ते बंद पडेल असे धरून टाक्या भरून घेतात.

शेवटी कागद. पासपोर्टवर शिक्का आणि जकात खात्याचा बंदर सोडल्याचा दाखला. पुढच्या बंदरात पहिली मागणी याच दाखल्याची होते.

हवेची फट

तयारी पूर्ण झाली तरी त्या दिवशी निघता येतेच असे नाही. न्यूझीलंडच्या दक्षिणेकडून कमी दाबाची क्षेत्रे एकामागून एक पूर्वेकडे सरकत असतात. दक्षिण गोलार्धात त्यांच्याभोवती वारा घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतो. क्षेत्र जवळ आले की वायुभारमापकातला दाब उतरू लागतो आणि वायव्येचा वारा सुटतो. क्राइस्टचर्चच्या मैदानात हा वारा न्यूझीलंडमधला दक्षिण आल्प्स ओलांडून उतरताना तापतो, म्हणून उन्हाळ्यात तो कोरडा आणि गरम लागतो. मग थंड हवेची भिंत येते, काही तासांत तापमान घसरते, वारा नैर्ऋत्येकडे वळतो आणि दाब पुन्हा चढू लागतो.

पूर्वेला निघणाऱ्याला हवा असतो हा नंतरचा काळ. नैर्ऋत्येचा वारा बोटीला किनाऱ्यापासून दूर समुद्रात नेतो आणि पुढचे क्षेत्र यायला दोन-चार दिवस मिळतात. वारा फिरल्याबरोबर लगेच निघाले तर खवळलेला समुद्र अंगावर येतो, फार थांबले तर पुढचे वादळ किनाऱ्याजवळच गाठते. आणि किनारा हाच धोका असतो. खोल समुद्रात वादळ सोसता येते, खडकाजवळ येत नाही. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. २० नॉटचा (ताशी २० सागरी मैलांचा) वारा ४० नॉट झाला की शिडावरचा जोर चौपट होतो. शीड वेळेवर आखूड केले नाही तर मोडतोड ठरलेली, आणि आखूड करायला मोकळा समुद्र लागतो.

शुभेच्छुक धक्क्यावर आलेत, ध्वज फडकतोय, निघण्याचा दिवस जाहीर झालाय, आणि नकाशा मात्र उद्या निघू नका असे सांगतोय. अशा वेळी थांबणे हा नावाड्याचा सर्वांत अवघड गुण.

निघाल्यावर

बंदर मागे पडले की काही दिवसांत १८० अंश रेखांशाजवळची आंतरराष्ट्रीय वाररेषा येते. पूर्वेकडे जाणाऱ्याला ती ओलांडताना तारीख एक दिवसाने मागे घ्यावी लागते, म्हणजे तोच वार दोनदा. हा फुकट मिळालेला दिवस नव्हे. पूर्वेकडे जाणारा रोज सूर्याला थोडा आधी भेटतो. ५० अंश अक्षांशावर चांगल्या वाऱ्यात दिवसाला १८० मैल गेले तर साडेचार अंशांहून जास्त रेखांश ओलांडले जातात, आणि एका अंशाला चार मिनिटे या हिशेबाने तो दिवस सुमारे १९ मिनिटांनी आखूड होतो. अशी रोज थोडी थोडी कापलेली मिनिटे प्रदक्षिणा पूर्ण होईपर्यंत बरोबर २४ तास होतात. वाररेषेवर मिळतो तो त्यांचाच परतावा.

पुढचा प्रश्न किती दक्षिणेला उतरायचे हा. गोलावर लिटलटन आणि हॉर्नमधली सर्वांत जवळची वाट दक्षिण ध्रुववृत्ताच्या आसपास उतरते, पण तिथे हिमनग. उत्तरेकडची वाट सुरक्षित, पण लांब आणि वारा कमी. प्रत्येक नावाडी यातला आपला मध्य शोधतो. दिलना आणि रूपा यांनी ३० जानेवारी २०२५ रोजी पॉइंट निमो गाठला आणि गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेसाठी तिथल्या पाण्याचे नमुने घेतले.

हॉर्न शेवटी येते आणि तेव्हा बोट महिनाभराच्या माराने थकलेली असते. तिथे समुद्राचा तळ अचानक वर येतो, हजारो मीटर खोल पाणी शंभर मीटरच्या घरात येते. मागून येणारी लांबलचक लाट त्या उथळ भागावर आखडते, उभी राहते आणि फुटते. शिवाय उत्तरेला दक्षिण अमेरिका आणि दक्षिणेला अंटार्क्टिका यांच्या मधल्या सुमारे ८०० किलोमीटरच्या फटीतूनच सगळा वारा जातो. पुढे फॉकलंड बेटांच्या आडोशाला आल्यावर हा टप्पा संपतो. २१ जानेवारी २०१८ रोजी वर्तिका जोशी आणि त्यांच्या सहकारी पोर्ट स्टॅन्लीला पोहोचल्या, लिटलटन सोडल्यापासून ४० दिवसांनी.

मदत किती लांब

परतीच्या वाटेवर, २०१८च्या एप्रिलमध्ये ‘तारिणी’च्या सुकाणूत बिघाड झाला. त्या वेळी बोट हिंदी महासागरात होती, मॉरिशसचे पोर्ट लुई आवाक्यात होते. तिथे दुरुस्ती करून ती २१ मेला गोव्याला पोहोचली. हाच बिघाड लिटलटन आणि हॉर्नच्या मधोमध झाला असता तर वळायला बंदर नव्हते.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये हे किती गंभीर असू शकते ते दिसले. २०१२-१३मध्ये ‘म्हादेई’तून कुठेही न थांबता प्रदक्षिणा करणारे अभिलाष टॉमी एकट्याने जगप्रदक्षिणा करण्याच्या गोल्डन ग्लोब शर्यतीत दक्षिण हिंदी महासागरात होते. वादळात त्यांची बोट उलटीपालटी झाली, डोलकाठी मोडली आणि त्यांच्या पाठीच्या कण्याला इजा झाली. तिसऱ्या दिवशी, २४ सप्टेंबरला ‘ओसिरिस’ या मासेमारीवर देखरेख ठेवणाऱ्या फ्रेंच गस्ती नौकेने त्यांना उचलले. प्रशांत महासागराच्या मधल्या भागात अशा नौकाही क्वचित असतात. टॉमी पुन्हा उभे राहिले आणि २०२३ साली याच शर्यतीत दुसरे आले.

या मोहिमांत गेलेली माणसे कुठून आली तेही पाहण्यासारखे आहे. वर्तिका जोशी आणि पायल गुप्ता उत्तराखंडच्या, प्रतिभा जामवाल हिमाचलच्या कुलूच्या, ऐश्वर्या बोड्डापती हैदराबादच्या, विजया देवी मणिपूरच्या. सहापैकी पाचजणींच्या राज्यांना समुद्रकिनाराच नाही. त्या शिकल्या ‘म्हादेई’वर, दोंद्यांच्या मार्गदर्शनाखाली. किनाऱ्यावर जन्मल्याने पाण्याची भीती कमी होते, पण तार चाचपून पाहणे, दाबाचा आकडा वाचणे, माल धक्क्यावर रिकामा करणे आणि हवा वाईट असताना न निघणे, हे कोणालाही शिकावेच लागते आणि कुठल्याही गावच्या माणसाला शिकता येते. दिलना आणि रूपा २९ मे २०२५ रोजी गोव्याला परतल्या तेव्हा लिटलटनहून पूर्वेला जाणारी ही वाट भारतीय बोटींसाठी अनोळखी राहिली नव्हती, आणि पुढच्या निघणाऱ्यांना धक्क्यावर काय काय तपासायचे याची यादी आता आपल्याच माणसांकडून मिळते.